सी७चा आकडा अखेर थांबला

मंडळी, नऊ दिवस झाले, काकांच्या लॅपटॉपमधला सी७चा आकडा, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वाटेवर डेटा बिघडल्याची मोजणी, हललेला नाही. २बी६ (हेक्स म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत, आपले ६९४) वर थांबला तो थांबलाच. गेल्या वेळी मी मोठ्या उत्साहात लिहिलं होतं की जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घातली, बूट टाइम सव्वाचार मिनिटांवरून चोवीस सेकंदांवर आला आणि काम फत्ते झालं. ते लिहून दोन दिवस होतात न होतात तोच कराडहून फोन आला आणि पुढचे पाच आठवडे एकाच दुखण्यामागे गेले. त्यामुळे आज बाकीच्या गोष्टी थोडक्यात आणि हे दुखणं सविस्तर.

जे मागून आले आहेत त्यांच्यासाठी: काकांचं कराडला लग्नपत्रिकांचं दुकान आहे. लॅपटॉप २०१२चा, आत ५०० जीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क, विंडोज १०. पेजमेकर (पत्रिकेची मांडणी करायचा प्रोग्रॅम), जुने बिगर-युनिकोड मराठी फाँट, दहा वर्षांच्या पत्रिका, सगळं त्याच्यावर. त्यातल्या निम्म्या गोष्टींच्या इन्स्टॉलेशन सीडी आता कुठेच नाहीत, म्हणून नव्याने विंडोज टाकणं शक्य नव्हतं. क्लोनच, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, करायचा होता. आणि डिस्क मरायला टेकलेली होती, सी५मध्ये प्रलंबित सेक्टर, म्हणजे डिस्कचे नीट वाचता न येणारे बारीक तुकडे, रोज वाढत होते.

क्लोनबद्दल एकच सांगते, कारण दोघांनी विचारलं होतं. मरणपंथाला लागलेली डिस्क स्वस्तातल्या यूएसबी डबीत घालून वाचू नका. खराब सेक्टर आला की डबीतली चिपच गोठते आणि सगळं पहिल्यापासून. मी डिस्क थेट डेस्कटॉपच्या साटा पोर्टला लावली, डीडीरेस्क्यू या खराब डिस्कमधला डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमची पहिली फेरी फक्त सोपा भाग उचलण्यासाठी चालवली आणि मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) ठेवून दुसरी फेरी रात्रभर सोडली. सकाळी ४४ केबी सोडून सगळं हाती आलं होतं. ते ४४ केबी कुठल्या फाइलचे, हे एनटीएफएसक्लस्टर नावाच्या प्रोग्रॅमने शोधलं तर जवळजवळ सगळे हायबरफिलमध्ये (हायबरनेट होताना विंडोज मेमरी ठेवतं ती फाइल, गेली तरी चालते) निघाले आणि एक तुकडा एका जुन्या पत्रिकेत, जिची प्रत पेनड्राइव्हवर होती. त्या सकाळचा चहा मी गॅलरीत उभं राहून प्यायले, इतकं बरं वाटलं.

आणि हो, ४८० जीबीची एसएसडी स्वस्त मिळत होती, ती घेतली नाही हे फार बरं झालं. ५००च्या हार्ड डिस्कमध्ये आणि ५००च्या एसएसडीमध्ये सेक्टर अगदी सारखे असतात, ९७,६७,७३,१६८. ४८०मध्ये ९३,७७,०३,०८८. सेक्टरला सेक्टर क्लोन करायचा तर मधले तीन-चार कोटी सेक्टर कुठे ठेवणार?

आता दुखणं.

काकांचा फोन: "अगं, मधेच गोठतंय. अर्धा मिनिट हलत नाही, मग आपोआप सुरू होतं." विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ठळकपणे इव्हेंट १२९, डिव्हाइसला रीसेट दिल्याची नोंद. दिवसाला आठ-दहा वेळा. मी फोनवरून सांगून क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडायला लावलं, तर सी७ म्हणजे सीआरसी एररचा आकडा एसएसडी नवी कोरी असताना दोनशेच्या वर.

पहिला संशय अर्थातच एसएसडीवर. लॅपटॉप पुण्याला मागवला, तपकीर गल्लीतल्या ज्या दुकानातून घेतली होती तिथे गेले. त्यांनी हुज्जत न घालता वेगळ्या कंपनीची बदलून दिली. वर पन्नास-शंभर रुपये गेले तरी चालतील, पण माणूस समोर असलेल्या दुकानातून घ्यावं हे माझं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं. पुन्हा क्लोन, पुन्हा बसवणं. घरी चार दिवस चालवला, एकदाही गोठला नाही. कराडला पाठवला. दुसऱ्याच दिवशी फोन.

दुसरा संशय लिंक पॉवर मॅनेजमेंटवर, म्हणजे वीज वाचवायला डिस्कची जोडणी मधेच झोपवणाऱ्या सोयीवर. इव्हेंट १२९चं हे नेहमीचं कारण, तुमच्यापैकी तिघांनीही तेच सुचवलं होतं. पॉवर प्लॅनमधला तो लपवलेला पर्याय रजिस्ट्रीतून बाहेर काढून बंद केला, चिपसेटचा ड्रायव्हर काढून विंडोजचा मूळ एएचसीआय ड्रायव्हर लावला, एसएसडीचं फर्मवेअर तपासलं. घरी आठवडाभर चालवला. रोज तीन-तीन तास. एकदाही गोठला नाही. मोठ्या खात्रीने कराडला पाठवला.

तिथे पोहोचल्यावर दोन तासांत गोठला. लग्नसराई तोंडावर, काकांकडे चाळीसेक पत्रिकांच्या ऑर्डरी, आणि दीडशेहून जास्त किलोमीटरची ही तिसरी खेप. त्या रात्री मला खरंच रडू आलं.

फोनवर काका एक वाक्य बोलले. "मी डावा हात टेकवून टाइप करायला लागलो ना, की अडकतं बघ." हेच ते पहिल्या फोनवरही बोलले होते. मी तेव्हा मनावर घेतलं नव्हतं, कारण मला वाटलं हाताचा आणि डिस्कचा काय संबंध. पण या वेळी ऐकल्यावर आठवलं की माझ्या टेबलावर लॅपटॉप उंच स्टँडवर असतो आणि मी बाहेरचा कीबोर्ड वापरते. माझा हात त्या लॅपटॉपला चार दिवसांत लागला नव्हता आणि आठ दिवसांतही नाही. डाव्या तळहाताच्या बरोबर खाली डिस्कचा कप्पा आहे.

लॅपटॉप परत आला. या वेळी विंडोजच्या नादी न लागता लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट केला, अख्खी एसएसडी वाचायची आज्ञा दिली, शेजारच्या खिडकीत डीमेसेज (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी) उघडा ठेवला आणि डाव्या बाजूवर तळहात टेकवला. वीस सेकंदांत बॅडसीआरसीच्या, म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याच्या, ओळींचा पाऊस. हात उचलला, शांत. टेकवला, पुन्हा पाऊस. पाच-सहा झटक्यांनंतर कर्नलने स्वतःच ओळ टाकली की साटा लिंकचा वेग ३.० जीबीपीएसपर्यंत मर्यादित करतोय. आणि त्यानंतर मी कितीही दाबलं तरी एकही एरर नाही!

ही ओळ मी तीनदा वाचली. सगळा उलगडा तिच्यातच होता. जुनी हार्ड डिस्क ३ जीबीपीएसची, एसएसडी ६ची. म्हणजे काहीतरी असं आहे जे ३ला टिकतं आणि ६ला गळतं. कर्नलला लिबाटाफोर्स या बूटच्या वेळी द्यायच्या सूचनेने पहिल्यापासून ३वर बांधून ठेवलं आणि पूर्ण डिस्क वाचली, अर्ध्या तासाला एकही एरर नाही. तीच एसएसडी माझ्या डेस्कटॉपमध्ये ६वर दोनदा पूर्ण वाचली, सी७ जागचा हलला नाही. म्हणजे एसएसडी निर्दोष. उरले दोघे: मदरबोर्डवरचं पोर्ट किंवा मधली फ्लेक्स केबल, म्हणजे पट्टीसारखी लवचिक केबल.

मग जुन्या हार्ड डिस्कचा पहिल्या दिवशीचा स्क्रीनशॉट काढून बघितला. सी७ समोर १बी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे हेक्समध्ये दाखवतं, म्हणजे २७. तेव्हा माझं सगळं लक्ष सी५वर होतं. केबल तेव्हाच कुरकुरत होती, फक्त ३ जीबीपीएसला कुणाला जाणवत नव्हतं.

इथे माझा बेत बदलला, तो सांगते. डीव्हीडीच्या जागी घालायची कॅडी माझ्याकडे होतीच (आधीचा विचार तिच्यात जुनी हार्ड डिस्क घालायचा होता, पण मरायला टेकलेल्या डिस्कवर कुणाच्या लग्नाचा मजकूर ठेवायचा नाही, म्हणून तो सोडला). डीव्हीडीचं पोर्ट थेट बोर्डावर आहे, केबल नाही. एसएसडी तिथे घातली, धाडधाड चालली, हात दाबून, उचलून, कशीही. वेग सेकंदाला २७० एमबीच्या आसपास, कारण ते पोर्ट ३ जीबीपीएसचंच आहे. पण बारीक बारीक फाइल वाचताना ३ आणि ६मध्ये हाताला फरक जाणवतच नाही. जुन्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायलाच ११ मिलिसेकंद लागायचे, खरी उडी तिथून झालीय. एक संध्याकाळ मी ठरवूनच टाकलं होतं की हे असंच राहू द्यायचं.

मग काकांना विचारलं की डीव्हीडी लागते का. "लागते म्हणजे? फोटोवाले जुने फोटो अजून डीव्हीडीतच आणून देतात." झालं. केबलच बदलायची.

लॅपटॉप पूर्ण उघडला. (स्क्रूंसाठी मी इडलीचा स्टँड वापरते. वरच्या ताटलीत पाठीचे, मधल्यात कीबोर्डाखालचे, खालच्यात आतले, आणि प्रत्येक ताटलीला वाटे वेगळे असल्याने लांब-आखूड मिसळत नाहीत. चुंबकाच्या महागड्या चटईपेक्षा मला हे बरं वाटतं.) केबल म्हणजे बोटभर रुंदीची तपकिरी पट्टी. डिस्कच्या कप्प्यातून बाहेर पडताना ती चौकटीच्या पत्र्याच्या कडेवरून काटकोनात वळते. त्या वळणावर एक पांढरट रेघ होती, केसासारखी. भिंग लावून पाहिलं तर वरचा थर सोललेला आणि खाली तांबं चमकत होतं. बोटाने हलकंच दाबलं की रेघ उघडायची, सोडलं की मिटायची. त्यात भर अशी की जुनी डिस्क ९.५ मिमी जाडीची, कप्प्यात घट्ट. एसएसडी ७ मिमीची. खोक्यात अडीच मिमीची चौकट आली नव्हती आणि मी तशीच बसवली होती. वरून हात दाबला की एसएसडी खाली बसायची आणि कनेक्टर केबलला त्याच वळणावर ओढायचा.

केबल मिळवणं ही वेगळी वणवण. ऑनलाइन मागवलेली पहिली केबल फोटोत हुबेहूब होती, प्रत्यक्षात पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं आणि कनेक्टर उलट्या तोंडाचा. परत केली. यातून एक पक्कं झालं: फ्लेक्स केबल लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवायची नाही, जुन्या केबलवर छापलेला पूर्ण नंबर अक्षरन् अक्षर जुळवूनच घ्यायची. शेवटी बुधवार पेठेत, जुने लॅपटॉप फोडून सुटे भाग विकणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी माझी केबल हातात घेतली, उजेडाकडे धरली, काही न बोलता मागच्या खोक्यातून एक मेलेला लॅपटॉप काढला आणि दहा मिनिटांत केबल सोडवून दिली. साडेतीनशे रुपये. नंबर जुळला.

बसवताना पत्र्याच्या कडेवर कॅप्टॉन टेपचे (वीज न वाहू देणारी चिकटपट्टी) दोन थर दिले, केबलला काटकोनाऐवजी थोडी गोलाई ठेवली. आणि अडीच मिमीच्या चौकटीचं काय? काकांनी लॅपटॉपबरोबर नमुन्याच्या पत्रिका पाठवल्या होत्या. जाड कार्डाचे सात थर व्हर्निअरवर अडीचच्या जवळ भरले. कापून, एसएसडीखाली चौकटीसारखे चिकटवले. सगळ्यात वरच्या तुकड्यावर "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" ही ओळ आली आहे, ती मी मुद्दाम वर ठेवली.

मग परीक्षा. लिनक्स, ६ जीबीपीएस, अख्खी डिस्क, दोन्ही तळहात टेकवून, कधी कोपराने दाबून. वाचनाचा वेग सेकंदाला ५४० एमबी. डीमेसेज कोरा. विंडोजमध्ये बाहेरचा कीबोर्ड बाजूला ठेवला आणि तीन संध्याकाळी लॅपटॉपवरच टाइप केलं. हे संपूर्ण टिपणही त्याच्यावरच लिहायला घेतलं होतं. इव्हेंट १२९ नाही. ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणं) चालू आहे, तेही तपासलं.

सी७ कधी शून्यावर येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून बॅटरीच्या खाचेत एक स्टिकर लावलाय: सी७ = २बी६ (६९४), केबल बदलली, आणि तारीख. पुढे कुणीही उघडलं तरी आकडा बघून घाबरायला नको, आणि वाढला असेल तर लगेच कळेल.

पुढचं: रॅम ४ची ८ करायची आहे. बोर्ड दीड व्होल्टचा आहे, १.३५ व्होल्टची डीडीआर३एलही त्यात चालते, म्हणून जी चांगल्या भावात मिळेल ती घेईन. विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले, तेव्हा पत्रिकांचं काम ऑफलाइन आणि मेल-व्हॉट्सॲप वेगळ्या मशीनवर असं काकांना पटवते आहे. लिहिता लिहिता सुचलं की कॅडी रिकामीच पडली आहे, तिच्यात एक लहान एसएसडी घालून महिन्यातून एकदा डीव्हीडीच्या जागी सरकवायची आणि डिस्कची पूर्ण प्रतिमा (बॅकअप) घ्यायची, म्हणजे बाहेरच्या डबीची कटकटच नको. १२० जीबीची पडून आहे माझ्याकडे, पण डेटा १४० जीबी भरतोय. कॉम्प्रेस करून, दाबून बसतो का बघते.

काल रात्री काकांनी फोटो पाठवला. पडद्यावर अर्धी झालेली पत्रिका, आणि कीबोर्डाच्या डाव्या बाजूला त्यांचा पूर्ण पसरलेला तळहात.