बर्कलीचा लाल रॅम्प आणि सात इंचांचा पलंग

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला, अपंगांच्या हक्कांच्या चळवळीच्या जागा बघायला, मी चाकाच्या खुर्चीवरून भाच्याला घेऊन गेलो होतो. आधी कामाचं सांगतो. तिथल्या हॉटेलात 'ॲक्सेसिबल', म्हणजे अपंगांच्या सोयीची, म्हणून मिळालेल्या खोलीतला पलंग जमिनीपासून २७ इंच उंच होता. माझ्या खुर्चीची बैठक २० इंचांवर आहे. मधल्या सात इंचांसाठी पहिल्या रात्री भाच्याने मला काखेत हात घालून वर ओढलं आणि दोघेही घामाघूम झालो. बाकी खोलीत नाव ठेवायला जागा नव्हती. दार रुंद, संडासाशेजारी दांडे, बसल्या बसल्या तोंड दिसेल असा आरसा. अमेरिकेच्या नियमांत हे सगळं इंचाइंचाने ठरवलेलं आहे, फक्त पलंगाच्या उंचीबद्दल त्यात काही नाही. तेव्हा बुकिंग करताना 'पलंग उंच आहे का' असं विचारू नका, आकडा मागा. न्हाणीघराचंही तसंच. 'रोल-इन शॉवर', म्हणजे खुर्चीसकट आत जाता येणारं न्हाणीघर, हे शब्द लिहून घ्या, नाहीतर ॲक्सेसिबलच्या नावाखाली दांडे लावलेला टब गळ्यात पडतो. आमचा पलंग दुसऱ्या दिवशी खाली आला, कारण गादीखालची पेटी काढून द्यायला हॉटेलवाले एका विनंतीत तयार झाले. आदल्या रात्री आम्हाला ते सुचलं नाही, एवढंच.

आता विमान. माझी खुर्ची घडीची, विजेवर चालणारी, बॅटरी सुटी होणारी. सुट्या होणाऱ्या लिथियम बॅटरीला ३०० वॉट-अवरची मर्यादा असते (दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६०) आणि ती सामानात न टाकता आपल्याबरोबर केबिनमध्ये न्यायची असते. आकडा बॅटरीवर छापलेला असतो. त्याचा फोटो आणि कंपनीचं माहितीपत्रक हाताशी ठेवा, कारण काउंटरवरचा माणूस दर वेळी नवा असतो. टोकांना चिकटपट्टी लावा. जॉयस्टिक निघत असेल तर काढून पिशवीत घ्या. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा आहे ना, ते घरीच बघा. तिकडे वीज १२० व्होल्टची.

काउंटरवर जे झालं ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्याही वाट्याला येईल. बाईंनी भाच्याला विचारलं, "यांना चालता येतं का?" भाचा म्हणाला, "मामा, तुलाच विचारतायत." मी उत्तर दिलं. पुढचा प्रश्न पुन्हा भाच्यालाच. मग एक कागद पुढे आला: खुर्चीचं काही नुकसान झालं तर कंपनी जबाबदार नाही, खाली सही करा. सहीसुद्धा भाच्याने करायची! अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांना, कंपनी कुठल्याही देशाची असो, विमानप्रवासात अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणारा तिथला १९८६ चा एअर कॅरियर ॲक्सेस ॲक्ट लागू होतो आणि अशी सही मागायला त्यात मनाई आहे. खुर्चीला आधीच कुठे पोचा असेल तर तेवढी नोंद ते करू शकतात. मी आवाज चढवला नाही. फक्त म्हणालो, "तुमच्या कंप्लेंट रिझोल्यूशन ऑफिशियलना बोलवा." अपंग प्रवाशांच्या तक्रारी सोडवणारं हे पद विमान कंपनीला ठेवावंच लागतं, आणि ते नाव उच्चारल्यावर माणसांचा चेहरा बदलतो. चाळीस मिनिटांनी एक गृहस्थ आले, माझ्याशी बोलले, माझ्याशीच, आणि कागद ड्रॉवरमध्ये गेला.

आत अरुंद आयल चेअरवर बांधून नेत असताना मधल्या वाटेत एका सद्‌गृहस्थांची बॅग आडवी होती. "तुमच्याकडे बघून फार प्रेरणा मिळते हो," ते म्हणाले. बॅग शेवटी हवाई सुंदरीने उचलली.

लांबच्या प्रवासात लघवीचा प्रश्न सगळ्यांना असतो आणि कोणी विचारत नाही. पाणी पिणं बंद करू नका, मी एकदा केलं आणि ताप घेऊन उतरलो. मधे दोन वाटा असलेलं मोठं विमान निवडा. त्यात एखादं तरी मोठं स्वच्छतागृह असतं आणि विमानातली छोटी चाकाची खुर्चीही. कर्मचारी दारापर्यंत ढकलतात, उचलून बसवणं त्यांच्या कामात येत नाही. ते गणित आधीच घरी जमवून जा.

उतरल्यावर खुर्ची मिळाली ती डावा फूटरेस्ट वाकवून. निघण्यापूर्वी चारी बाजूंनी काढलेले फोटो तेव्हा कामाला आले. विमानतळ सोडायच्या आत तक्रार नोंदवा आणि पावती घ्या.

एवढी यातायात कशासाठी? अपंगांच्या हक्कांसाठी लढलेल्या एड रॉबर्ट्ससाठी. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखाली जवळजवळ काही हलेना, रात्री लोखंडी फुप्फुसात, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या मोठ्या यंत्रात, झोपायचं. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन विभागाने आधी ठरवून टाकलं होतं की हा मुलगा नोकरीच्या कामाचा नाही. १९६२ मध्ये तो बर्कलीच्या विद्यापीठात शिरला. ते लोखंडी धूड वसतिगृहात मावेना म्हणून त्याला विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात खोली मिळाली. मागोमाग आणखी मुलं आली, त्यांनी स्वतःला 'रोलिंग क्वाड्स' (चाकांवरचे, हातपाय लुळे असलेले) म्हणवलं, आणि १९७२ मध्ये त्यातूनच सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग उभं राहिलं: अपंगांनीच अपंगांसाठी मदतनीस शोधायचे, घरं शोधायची, खुर्च्या दुरुस्त करायच्या. १९७५ मध्ये त्याच पुनर्वसन विभागाचा संचालक कोण झाला? एड रॉबर्ट्स. कॉवेल बघायला जाऊ नका, ते पाडलं, तिथे आता बिझनेस स्कूल आहे. वर तिथे जायला चढ आहे, बॅटरी भराभर उतरते.

जायचं ते बर्कलीतल्याच ॲशबी स्टेशनला, बार्ट या तिथल्या लोकल रेल्वेच्या. स्टेशनला लागूनच एड रॉबर्ट्स कॅम्पस आहे, अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांची इमारत, २०१० मध्ये उघडलेला. आत शिरलं की समोर लाल रंगाचा गोल रॅम्प वर जातो. तो मागच्या दाराशी, कचऱ्याच्या डब्यांपलीकडे नाही, अगदी मधोमध आहे. मी मोटर बंद केली आणि हाताने ढकलायला भाच्याला सांगितलं, उतार किती ते कळावं म्हणून. अर्ध्यात त्याला विचारलं, "दमलास?" तो फोन बघत होता.

तिथेच एक बाई भेटल्या, खुर्चीवरच्या, साठीच्या. दुसऱ्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोला सिव्हिक सेंटर स्टेशनवर उतरणार म्हटल्यावर त्यांनी फोन काढला आणि म्हणाल्या, तिथली वरची लिफ्ट आज बंद दाखवतेय, उद्या सुरू झाली नाही तर एक स्टेशन आधी पॉवेलला उतरा आणि मार्केट स्ट्रीटने या, रस्ता सपाट आहे. तुम्ही कुठले, काय झालं, कधीपासून, यातलं काहीही न विचारता त्या गेल्या. ही सवय लावून घ्या: बार्टच्या लिफ्टची स्थिती निघण्याआधी बघायची आणि पर्यायी स्टेशन ठरवून ठेवायचं. १९७२ मध्ये बार्ट सुरू झाली तेव्हा लिफ्ट होत्या त्या हॅरल्ड विल्सन नावाच्या व्हीलचेअरवरच्या माणसाने १९६०च्या दशकात चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून.

लिफ्ट दुसऱ्या दिवशीही बंदच होती. पॉवेलहून गेलो. ५० युनायटेड नेशन्स प्लाझा ही सरकारी कचेरी आहे, सहज आत सोडत नाहीत, चौकातूनच बघायची. सरकारी पैशावर चालणाऱ्या कामांत अपंगांशी भेदभाव करायला मनाई करणारं, अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यातलं कलम ५०४ झालं १९७३ मध्ये, पण त्याच्या नियमावर सरकारची सही होईना. म्हणून ५ एप्रिल १९७७ ला शंभराहून जास्त लोक या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर जाऊन बसले आणि तीन आठवड्यांहून जास्त बसून राहिले. फोन तोडले तेव्हा बहिरे आंदोलक खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप देत. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक रोज गरम जेवण आणत. २८ एप्रिलला सही झाली. भाच्याने खिडक्या मोजल्या. मी विचार करत होतो, तीन आठवडे कूस कोणी बदलून दिली असेल यांची? औषधं, कॅथेटर? जमिनीवर झोपलेली माणसं ती.

केबल कारचा मोह सोडा, खुर्ची चढत नाही. बसला रॅम्प असतो, तो पुरेसा आहे. विमानतळावर परतताना रिचमंड मार्गाची थेट गाडी दिवसाच पकडा, रात्री उशिरा गाडी बदलावी लागते.

हॉटेल सोडताना मी रिसेप्शनवरच्या मुलीला म्हटलं, या खोलीच्या नोंदीत पलंगाची उंची लिहून ठेव: पेटीसकट २७, पेटीशिवाय २०. संगणकात तसा रकाना नव्हता. तिने पिवळ्या चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहिले आणि पडद्याच्या कडेला चिकटवली. टॅक्सी येईपर्यंत ती तिथेच होती. तुम्ही तरी विचारूनच घ्या.