संरक्षणाचा खर्च आणि स्थायी समितीचे अहवाल

13 मार्च 2018 रोजी संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीने अनुदान मागण्यांवरील, म्हणजे मंत्रालयाने खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमांवरील, आपले अहवाल लोकसभेच्या पटलावर ठेवले. समितीचे अध्यक्ष होते मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी, म्हणजे सत्ताधारी पक्षाचेच खासदार आणि स्वतः निवृत्त लष्करी अधिकारी. लष्कराचे तत्कालीन उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांची साक्ष त्या अहवालात छापलेली आहे. लष्कराकडील 68 टक्के सामग्री जुनाट प्रकारात मोडते, 24 टक्के सध्याच्या काळाला साजेशी आहे आणि जेमतेम 8 टक्के अत्याधुनिक म्हणता येईल, असे त्यांनी समितीला सांगितले. त्या वर्षी आधुनिकीकरणासाठी 21,338 कोटी रुपये मिळाले होते, आणि आधीच करार झालेल्या 125 योजनांचे देणेच 29,033 कोटींचे होते. म्हणजे नवे काही घेणे दूर राहिले, जे घेऊन झाले त्याचेही पैसे पुरत नव्हते.

दुसऱ्या दिवशी, 14 मार्चला, लोकसभेने सर्व मंत्रालयांच्या अनुदान मागण्या गोंधळात, चर्चेविना, अर्ध्या तासाच्या आत मंजूर केल्या. त्यांत संरक्षणाच्या मागण्याही होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समित्यांची फेररचना झाली आणि खंडुरींच्या जागी कलराज मिश्र अध्यक्ष झाले. फेररचना दरवर्षीच होते, त्यामुळे असा बदल का झाला हे सांगण्याचे बंधन कोणावर नसते.

आपल्याकडे संसदेची संरक्षण खर्चावर देखरेख नाही, असे सरसकट म्हटले जाते. ते मला पटत नाही. समितीला पुष्कळ काही दिसते, आणि जे दिसते त्यातले बरेच ती छापतेही. उणीव आहे ती पुढच्या पायरीवर. जे कळले त्याच्यामुळे कोणाला काही करावे लागेल, अशी व्यवस्था आपल्या नियमांत फारशी नाही.

विभागवार स्थायी समित्या 1993 मध्ये अस्तित्वात आल्या. संरक्षण समितीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 असे 31 सदस्य असतात, मंत्र्याला सदस्य होता येत नाही आणि मुदत एक वर्षाची असते. अर्थसंकल्प मांडला गेला आणि त्यावरची सर्वसाधारण चर्चा झाली की सभागृह काही आठवडे तहकूब होते व मागण्या समित्यांकडे जातात. एवढ्या अवधीत संरक्षण समितीला मंत्रालयाचा नागरी खर्च, सेनादलांचा महसुली (वेतन, देखभाल यांसारखा चालू) खर्च, भांडवली (शस्त्रे व सामग्री खरेदीचा) खर्च आणि निवृत्तिवेतन अशा चार मागण्या तपासायच्या असतात. 2025-26 साठी त्यांची एकत्रित रक्कम 6,81,210 कोटी रुपये होती. त्यातले 1,80,000 कोटी सेनादलांच्या भांडवली खर्चाला आणि सुमारे 1,60,795 कोटी निवृत्तिवेतनाला होते. तीन सेनादले, संशोधन संस्था, तटरक्षक दल, सीमावर्ती रस्ते, छावणी मंडळे, माजी सैनिकांचे प्रश्न, हे सगळे काही मोजक्या बैठकांत आटोपावे लागते. शिवाय कपात सूचनेच्या, म्हणजे मागणीची रक्कम कमी करण्याच्या प्रस्तावाच्या, स्वरूपाचे काहीही अहवालात सुचवता येत नाही, असे नियमच सांगतो. दैनंदिन प्रशासनात लक्ष घालण्याचीही समितीला मुभा नाही. रक्कम ठरून गेल्यावर आणि ती बदलण्याचा अधिकार नसताना समिती कामाला बसते, हे लक्षात घेतले तर तिच्या अहवालांचा सूर इतका विनवणीचा का असतो, ते कळते.

तरीही हे अहवाल वाचण्याजोगे असतात, आणि मी तर म्हणेन की शिफारशींपेक्षा त्यांच्या आधीची पाने अधिक मोलाची असतात. एखाद्या दलाने किती मागितले, अर्थसंकल्पात किती मिळाले, वर्ष सरत असताना केलेल्या सुधारित अंदाजात किती उरले आणि प्रत्यक्षात किती खर्च झाले, असे चार रकाने शेजारी शेजारी ठेवलेले तक्ते तिथे सापडतात. मंत्री सभागृहात सांगतात ती तरतूद यातल्या फक्त दुसऱ्या रकान्यात असते. गणवेशातला अधिकारी पत्रकारांसमोर जे बोलू शकत नाही, ते तो समितीसमोर बोलतो. बैठक बंद दाराआड होते, पण अहवालात त्या साक्षीतला बराचसा भाग शब्दशः येतो. शरत चंद यांची साक्ष याच वाटेने आपल्यापर्यंत आली.

अहवाल आल्यावर सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचे असते. मग समिती त्या उत्तरांवर पुन्हा एक अहवाल तयार करते. त्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या, उत्तर न पटल्याने पुन्हा आग्रह धरलेल्या आणि अंतिम उत्तर अजून न आलेल्या, अशा प्रकरणवार याद्या असतात. वरवर पाहता मान्य झालेल्यांची यादीच लांब दिसते. पण त्या प्रकरणातली उत्तरे एकेक करून वाचली की मान्यतेचा अर्थ अनेकदा इतकाच निघतो, की मंत्रालयाने शिफारशीची नोंद घेतली आहे आणि सध्या काय चालू आहे याचे वर्णन पुन्हा एकदा जोडले आहे. शिफारस ‘मान्य’ या खान्यात गेली की तिच्याबद्दल पुन्हा विचारणेही थांबते. टक्केवारीत चांगले दिसणारे हे वर्गीकरण माझ्या मते देखरेखीचे नुकसानच करते.

समितीच्या चिकाटीचे आणि तिच्या मर्यादेचे एकत्र उदाहरण हवे असेल, तर न संपणाऱ्या निधीचा इतिहास पाहावा. शस्त्रखरेदीला अनेक वर्षे लागतात, चाचण्या लांबतात, करार मार्चनंतर होतो. पण आपल्या पद्धतीत 31 मार्चला न वापरलेली तरतूद संपुष्टात येते. म्हणून भांडवली खर्चासाठी वर्षअखेरीस न बुडणारा निधी असावा, अशी मागणी समिती वर्षानुवर्षे करत आली. फेब्रुवारी 2004 मधील अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्री जसवंत सिंह यांनी 25,000 कोटींच्या संरक्षण आधुनिकीकरण निधीची घोषणाही केली होती. काही महिन्यांत सरकार बदलले आणि घोषणा कागदावर राहिली. पुढे सरकारे बदलली, समितीचे अध्यक्ष बदलले, मागणी तीच राहिली, आणि प्रत्येक वर्षीची तरतूद संसदेने त्या वर्षापुरती मंजूर करायची या तत्त्वाशी असा निधी विसंगत आहे, हा वित्त विभागाचा आक्षेपही कायम राहिला. अखेर पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळासाठी संरक्षण व अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणाकरिता 2,38,354 कोटींच्या निधीची शिफारस केली आणि सरकारने ती तत्त्वतः स्वीकारली. तत्त्वतः म्हणजे किती, हे 2024-25 च्या आकड्यांवरून समजते: त्या वर्षी भांडवली खर्चाची 1,72,000 कोटींची तरतूद सुधारित अंदाजात 1,59,500 कोटींवर आली. पैसे कमी पडतात ही तक्रार आणि मिळालेले पैसे पूर्ण खर्च होत नाहीत ही वस्तुस्थिती, या दोन्ही एकाच मंत्रालयाच्या आहेत.

इथे समितीशी माझा एक मतभेद आहे. संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्के खर्च झाला पाहिजे, ही शिफारस वेगवेगळ्या समित्यांनी इतक्या वेळा केली आहे की मंत्रालयाचे त्यावरचे उत्तरही साचेबद्ध झाले आहे. टक्केवारीचे उद्दिष्ट ऐकायला ठोस वाटते, पण निवृत्तिवेतन वाढले तरी ते गाठता येते, आणि त्याने तोफा किंवा पाणबुड्या येत नाहीत. त्याऐवजी करार झालेल्या देण्यांनंतर नव्या खरेदीला नेमके किती उरले, आणि कोणता करार कोणत्या टेबलावर किती महिने थांबला, हे दोन प्रश्न दरवर्षी त्याच क्रमाने विचारले गेले तर मंत्रालयाला साचेबद्ध उत्तर देणे जड जाईल. 29,033 आणि 21,338 हे दोन आकडे गाजले, ते त्यांच्यामागे असा नेमका प्रश्न होता म्हणूनच.

खर्च झाल्यानंतरची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात आणि त्यांचे अहवाल लोकलेखा समितीकडे जातात. 1967 पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. या समितीचा संरक्षण खरेदीशी संबंध जुना आहे. 1948 मधील जीप खरेदीच्या प्रकरणावर तिने ताशेरे ओढले होते, तरी 1955 मध्ये सरकारने ते प्रकरण आपल्यापुरते बंद करून टाकले. कारगिल युद्धाच्या वेळच्या तातडीच्या खरेदीवरील महालेखापरीक्षकांच्या 2001 च्या अहवालाने दाखवले की 1,700 कोटींहून अधिक किमतीचा माल लढाई थांबल्यावर पोहोचला. लोकलेखा समितीने त्या चौकशीत केंद्रीय दक्षता आयोगाचा अहवाल मागितला तेव्हा तो गोपनीय असल्याचे सांगून तिला नाकारण्यात आला. तसे करण्याची सोय नियमांतच आहे. समितीला व्यक्ती, कागदपत्रे आणि नोंदी मागवण्याचा अधिकार देणाऱ्या लोकसभेच्या 270 व्या नियमालाच एक परंतुक जोडलेले आहे, की एखादा दस्तऐवज उघड होणे राज्याच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधक ठरेल, या कारणावरून सरकार तो देण्यास नकार देऊ शकते.

गोपनीयतेचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. जुलै 2017 मध्ये दारूगोळ्याच्या साठ्याबद्दलचा महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला, तेव्हा डोकलाममध्ये भारत आणि चीनचे सैन्य समोरासमोर उभे होते. तपासलेल्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणार नाही, हे त्या दिवसांत साऱ्या जगाला वाचायला मिळाले. त्यानंतर संरक्षणविषयक लेखापरीक्षण अहवाल संकेतस्थळावर न टाकण्याचे धोरण आले, आणि राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीवरील 2019 च्या अहवालात किमतींचे आकडेच झाकले गेले. लोकांपासून काही काळ काही गोष्टी लपवाव्या लागतात, हे मान्य करता येईल. पण लोकांपासून लपवणे आणि लोकांच्या प्रतिनिधींपासून लपवणे, ही दोन वेगळी पावले आहेत. जर्मनीत अडीच कोटी युरोंहून मोठा प्रत्येक लष्करी खरेदी करार सही होण्यापूर्वी संसदेच्या अर्थसंकल्प समितीपुढे यावा लागतो, आणि तेथील संरक्षण समितीला राज्यघटनेनेच चौकशी समितीचे अधिकार दिलेले आहेत. तिथेही बैठका बंद दाराआडच होतात. आपल्याकडे मात्र कोणता कागद दाखवल्याने सुरक्षेला बाधा येईल, हे ज्याची तपासणी चालली आहे तोच पक्ष ठरवतो.

धोरणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि हीच अडचण आहे. सभागृहासमोर आलेल्या दीर्घकालीन राष्ट्रीय धोरणाच्या दस्तऐवजांवर विचार करणे, हे समितीच्या कामांपैकी एक म्हणून नियमात नोंदलेले आहे. पण असा लेखी राष्ट्रीय सुरक्षा धोरणाचा दस्तऐवज भारताने प्रसिद्ध केलेलाच नाही, त्यामुळे हे कलम रिकामेच राहते. ब्रिटनमध्ये सरकार ठरावीक काळाने संरक्षण आढावा प्रसिद्ध करते आणि 1979 पासून काम करणारी तेथील संरक्षण समिती खर्चाला नकार देऊ शकत नसली, तरी त्या आढाव्यावर बोट ठेवून प्रश्न विचारते. आपल्या समितीला असे बोट ठेवायला काही नसते. तिन्ही सेनादलांसाठी मिळून संरक्षण दलप्रमुखांचे पद निर्माण करावे, असे 2001 मध्ये मंत्रिगटाने सुचवले, समिती त्याबद्दल पुनःपुन्हा विचारत राहिली, आणि पद प्रत्यक्षात आले 1 जानेवारी 2020 रोजी. मधल्या काळात मंत्रालयाचे उत्तर बहुधा राजकीय पक्षांशी सल्लामसलत चालू असल्याचे असे.

सुधारणा म्हणून मोठमोठ्या कल्पना सुचवल्या जातात. मला मात्र नियमांत जे आधीच आहे तेवढे नीट वापरले तरी पुष्कळ होईल असे वाटते. एक वर्षाच्या मुदतीत भांडवली खरेदीची प्रक्रिया समजून घेईपर्यंत सदस्य बदललेला असतो, तेव्हा तेच सदस्य निदान लोकसभेच्या मुदतीपर्यंत ठेवणे पक्षांच्या हातात आहे. समितीला मिळणारा कर्मचारीवर्ग सचिवालयाचा असतो. खरेदी करार आणि लष्करी हिशेब वाचू शकणारी दोन-चार माणसे कायम तिच्याकडे असावीत, यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. आणि लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश 73अ नुसार मंत्र्यांनी समितीच्या शिफारशींच्या अंमलबजावणीबद्दल दर सहा महिन्यांनी सभागृहात निवेदन करायचे असते. ही निवेदने आजही होतात. बहुतेकदा ती पटलावर ठेवली जातात आणि कामकाज पुढच्या विषयाकडे वळते. त्या निवेदनावर, समितीने न पटलेली म्हणून नोंदवलेली उत्तरे हातात घेऊन, वर्षातून एकदा दोन तासांची चर्चा ठेवली, तर मंत्र्याला निदान त्या मुद्द्यांवर उभे राहून बोलावे लागेल.