नाकवाल्या गाड्या

इंदुरात देवास नाक्याला एका गोदामाबाहेर गाडी खाली व्हायची वाट बघत बसलो होतो. उन्हाची वेळ. हमाल जेवायला गेलेले, मुनीमजींचा डोळा लागलेला आणि माझ्यापुढे रांगेत बाकीच्या गाड्या. ड्रायव्हर म्हणजे सदा स्टेअरिंगवर, असं लोकांना वाटतं. आमचं निम्मं आयुष्य गाडी उभी करून बसण्यात जातं. भरायला उभं राहा, वजनकाट्यावर उभं राहा, नो-एंट्री सुटेपर्यंत बायपासला उभं राहा, मग खाली करायला पुन्हा उभं राहा. १९६१ च्या कायद्यात ड्रायव्हरचे दिवसाचे ८ तास लिहून ठेवलेत. लिहिणाऱ्याला काट्यावर कधी उभं राहावं लागलं नसणार.

तर बसल्या बसल्या नजर गेली ती समोरच्या कडुलिंबाखाली. पाण्याचा टँकर उभा होता. टाकी कालपरवाची, निळी. पण पुढे नाक, म्हणजे केबिनपुढे निघालेलं बॉनेट! लांब, गोलसर, दोन्ही बाजूंना फुगीर मडगार्ड. मी गमछा खांद्यावर टाकला आणि उतरलोच.

नाकवाली गाडी दिसली की माझं हे असं होतं. आमच्या हिला हे अजून उमगलेलं नाही. महिन्यातले मोजके दिवस घरी असतो, त्यातही सुदामा नगरातून भाजी आणायला निघालेला माणूस लोहामंडीत कुठल्याशा जुन्या क्रेनपुढे उभा सापडतो. ‘अहो, दिवसरात्र ट्रकमध्येच असता ना? मग सुट्टीतही ट्रकच?’ हलवाई घरी आल्यावर मिठाई खात नाही, असं तिचं म्हणणं. मी खातो. काय करणार.

टँकरवाला पोरगा पंचविशीचा असेल. मी बॉनेटवरून हात फिरवायला लागलो तसा तो सावध झाला. आधी त्याला मी आरटीओचा दलाल वाटलो, मग गिऱ्हाईक. ‘भिया, बेचना नहीं है.’ मी म्हटलं, घ्यायचंही नाही रे, बघायचंय. यावर त्याला माझा जास्तच संशय आला. जाळीच्या मध्यावर, जिथे कंपनीचं चिन्ह असतं तिथे, नुसतं गोल भोक होतं. मी विचारलं, इथे काय होतं? त्याला ठाऊक नव्हतं. त्या भोकात तारा होता की ‘टी’ होता, हे कळलं असतं तर गाडीचं वय बसल्या जागी सांगितलं असतं. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या मर्सिडीजवाल्या डायमलर-बेंझशी करार केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला, नाकावर मर्सिडीजचा तारा घेऊन. करार १५ वर्षांचा. १९६९ मध्ये तो संपला, तारा गेला आणि त्या जागी टाटांचा ‘टी’ आला. गाडी जवळजवळ तीच. इंजिनाची ताकद साधारण १०० घोड्यांची, माल ५ टनांच्या आसपास. माझी आत्ताची दहा-चक्का धरा: २०१८ च्या नियमाने मालासकट वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं, आणि तरी शेठ विचारतो, अजून चार पोती बसतील का.

आणि ती गाडी कारखान्यातून पुरी यायचीच नाही. यायची ती चॅसिस. सांगाडा, इंजिन, चाकं, स्टेअरिंग. ना केबिन, ना काच, ना दार. जमशेदपूरहून ड्रायव्हर ती तशीच चालवत आणायचे, फळीवर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून, ऊन-पाऊस अंगावर घेत. मग इथे बॉडी बांधणारा मिस्त्री लाकडाची केबिन उभी करायचा, पेंटर फुलं काढायचा, मालक आईचं नाव घालायचा. म्हणून दोन गाड्या कधी सारख्या नसत. आता सगळ्यांची तोंडं चपटी आणि सगळ्यांची एकच. पार्किंगमध्ये नंबर वाचल्याशिवाय मला माझी सापडत नाही.

हे नाकाचं वेड लागलं गणपतीत. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात मिलच्या झांक्या, गाड्यांवर सजवलेले देखावे, निघतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. पहाटेपर्यंत सगळं शहर रस्त्यावर. वडील गिरणीत होते. कुठल्या, ते राहू द्या. आमची जागा ठरलेली, कृष्णपुरा छत्रीजवळ. आई संध्याकाळीच सतरंजी टाकून बसायची आणि डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. मी वडिलांच्या खांद्यावर. झांकी यायची, वर कृष्ण कालियाच्या फण्यावर नाचतोय, दिवे फिरतायत, लोक ओरडतायत, आणि मी मात्र वाकून खाली बघतोय. कारण कापडाच्या झालरीखालून, कागदी डोंगराच्या आडून, कुठेतरी एक नाक डोकावायचं. त्या नाकामागे एक माणूस असायचा, घामाने निथळलेला, त्याला कृष्ण दिसत नसायचा, काही दिसत नसायचं, फक्त पुढच्या पोलिसाचा हात. मला तो माणूस फार मोठा वाटायचा. ‘वर बघ रे, वर,’ वडील माझा पाय ओढायचे. नाच वर चाललाय आणि पोरगं सायलेन्सर बघतंय, याची त्यांना खरोखर काळजी वाटायची. पुढे गिरण्या एकामागून एक बसल्या आणि मी क्लीनर झालो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘मला तेव्हाच कळलं होतं.’ झांक्या अजून निघतात. गणपतीत मी नेमका बाहेर असतो.

महूला आत्या राहायची. तिच्याकडे सुट्टीत गेलं की आग्रा-मुंबई रोडवर लष्कराच्या गाड्यांची रांग बघायला मिळे. शक्तिमान! जबलपूरला बनायची, मूळ जर्मनीच्या मॅन कंपनीची. हिरवी, मख्ख, एकीमागे एक, अंतर राखून. आतेभाऊ जवानांना हात करायचा, मी गाडीला.

मला गाडी शिकवणारे उस्ताद भेटले ते पोहे खाताना. जालंधरकडचे सरदारजी, इंदुरात जन्म काढलेला, जिलबी पोह्यांबरोबर खायचे आणि पंजाबात कोणाला ते पटायचं नाही म्हणून खंतावायचे. त्यांच्या गाडीवर मी टायर ठोकून बघायला, तिरपाल बांधायला, उतरणीला मागच्या चाकाला दगड लावायला शिकलो. स्टेअरिंग मिळायला बरेच दिवस गेले. गाडी जुनी, गिअरबॉक्स तिच्याहून जुना. नुसता क्लच दाबून गिअर पडायचा नाही. क्लच दाबा, न्यूट्रलला या, क्लच सोडा, ॲक्सिलरेटर द्या, आवाज ऐका, पुन्हा क्लच, मग हलकेच गिअर. डबल क्लच. आवाज चुकला की दाते कडाडायचे आणि उस्तादांचा हात माझ्या मानेवर. ‘कान से चला, हाथ से नहीं.’ मानपूरच्या घाटात, गुजरीच्या उतारावर, पुढे सेंधव्यानंतर बिजासनला, सगळीकडे हेच. खलघाटला नर्मदा आली की मात्र शिकवणी बंद, खिडकीतून नाणं टाकायचं, हात जोडायचे. बिजासन मातेला नारळ. मग पळासनेर आलं, महाराष्ट्र लागला, की उस्ताद म्हणायचे, ‘चल, अब तेरा मुल्क. चाय तू पिला.’ आमची तर पिढ्यान्पिढ्या होळकरांच्या इंदुरात गेलेली. पण चहा मीच पाजायचो.

सेंधव्याच्या बॅरिअरवर, राज्याच्या तपासणी नाक्यावर, तेव्हा रात्र रात्र जायची. आता २०२४ च्या जुलैपासून मध्य प्रदेशाने ती नाकीच बंद केलीत. त्याआधी जीएसटी आला, फास्टॅग आला. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसीसुद्धा सक्तीचा झाला. माझी गाडी त्याआधीची. तिला पंखा आहे, तो माझ्याकडे सोडून सगळीकडे वारा घालतो.

सेंधव्याला कापूस पिंजणाऱ्या एका जुन्या जिनिंगच्या आवारात एक फारगो उभी आहे. मुंबईत कुर्ल्याला प्रीमिअरवाले ज्या डॉज-फारगो गाड्या जुळवायचे, त्यातली. टायर नाहीत, विटांवर चढवलेली, केबिनमध्ये कोंबड्या. चौकीदार ओळखीचा झालाय, मला बघून दार उघडतो आणि कोंबड्यांना हाकलतो, पाहुणा आल्यावर सोफ्यावरच्या पोरांना उठवावं तसा. मी आत बसतो. स्टेअरिंग एवढं मोठं की दोन्ही हात पुरे पसरावे लागतात. काच दोन फाळ्यांची. बसतो, उतरतो, बिडी देतो, निघतो.

ही गाडी कोणी वाचवणार नाही. मी चौकशी केली आहे. २०२१ साली केंद्राने जुन्या गाड्यांसाठी नियम काढले: ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली असेल तर वेगळी नोंदणी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, २०,००० रुपये फी, १० वर्षांची मुदत. मी आनंदाने पुढे वाचलं. फक्त दुचाकी आणि खासगी कार. ट्रकचं नावच नाही. म्हणजे कोण्या वकीलसाहेबांची गॅरेजमध्ये झोपून राहिलेली मोटार वारसा, आणि दोन पिढ्या कापूस वाहून मेलेली फारगो भंगार, किलोच्या भावाने. इंदूरच्या महाराजांनी १९३० च्या दशकात ड्युसेनबर्ग मोटार घेतली होती, होळकरांच्या भगव्या-काळ्या रंगात. जगभरचे शौकीन आजही तिचं नाव काढतात. चॅसिस अमेरिकेची आणि बॉडी इंग्लंडात बांधलेली. चॅसिस एकीकडची, बॉडी दुसरीकडची, मालकाच्या आवडीचा रंग. अहो, ट्रक असाच तर बनतो! पण त्याच काळात आमच्या गिरण्यांत गाठी पोचवणाऱ्या लॉऱ्यांचं नावही कोणी टिपून ठेवलं नाही. जुना ट्रक आज जिवंत दिसतो तो दुसरंच काहीतरी होऊन. टँकर होऊन, बोअरिंगची मशीन अंगावर घेऊन, नाहीतर क्रेन होऊन.

नाही म्हणायला हरियाणात तावडूजवळ एक वाहनांचं संग्रहालय आहे, २०१३ पासून. दिल्लीच्या खेपेला बिलासपूर चौकावरून थोडं आत. मी तिथून जातो ती वेळ रात्रीची, दिवसा मोठ्या गाडीला पुढे नो-एंट्री गाठते. ट्रक घेऊन ट्रक बघायला जाणं हे ट्रकवाल्याला जमत नाही. कारवाले जातात.

एवढं प्रेम, तर तसली जुनी गाडी चालवशील का, असं मुलीने परवा विचारलं. कॉलेजात आहे, अशी आडवी विचारते. मी काहीतरी उडवून लावलं. त्यानंतर सहज उस्तादांकडे गेलो. आता ते घरीच असतात, खाटेवर, पाय उशीवर. फारगोचे फोटो त्यांना मोबाइलवर दाखवले. त्यांना आवडतील अशी माझी खात्री होती. त्यांनी चष्मा लावला, एक बघितला, दुसरा बघितला.

‘ब्रेक नहीं लगते थे इसके,’ ते म्हणाले.

मग बिजासन उतरताना पुढे गेलेल्या एका गाडीचं सांगितलं. ड्रायव्हर त्यांच्या गावचा होता. दोघं भाऊ एकाच गाडीवर. इंजिनाची धग थेट पायावर यायची, उन्हाळ्यात नडगीला फोड यायचे, त्यावर उस्ताद टूथपेस्ट लावायचे. वळणाला स्टेअरिंग ओढून ओढून खांदा गेला. गुडघा गेला तो क्लचने. ‘कान से चला’ हे त्यांनी मला शिकवलं, पण इतकी वर्षं इंजिनाशेजारी बसून त्यांचा एक कान गेला होता, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं असंही नाही. बोलायचेच मोठ्याने.

फोटो अजून बरेच होते. मी मोबाइल खिशात ठेवला आणि गुडघ्याला काय लावता, ते विचारलं.