रैट रैट

आमच्या आईला अजून दारावर कुणी दोनदा ठोकलं की दचकायला होतं. बाबा कधी कडी वाजवायचे नाहीत, बसच्या पत्र्यावर देतात तसे दोन ठोके द्यायचे. कंडक्टर होते ते. खाकी शर्ट, खांद्याला कातडी बॅग, गळ्यात शिट्टी आणि तोंडात कायम 'होल्डान' नाहीतर 'रैट'. आमच्या बेळगाव भागात कंडक्टर 'जाऊ दे' म्हणत नाही ओ, रैटच म्हणतो.

चढणारा कुठल्या भाषेत तिकीट मागणार हे त्याने पायरीवर पाय ठेवल्याठेवल्या बाबांना कसं काय कळायचं देव जाणे. पुढच्याला 'मुंद होगरी', लगेच मागच्या म्हातारीला 'मावशे, आत सरक की'. त्यांची शाळा सगळी मराठीत, कन्नड वाचायला शिकले ते बसच्या पाट्या बघून. 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं तेव्हा इथं काय वातावरण होतं ते इथल्यांना सांगायला नको, पण बाबा म्हणाले, "मला काय, मी दोन्ही नावं आधीपासनंच ओरडालोय."

1 नोव्हेंबर मात्र घरात जड जायचा. बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्यांचा तो काळा दिन, काका काळा शर्ट घालून सायकल फेरीला, आणि बाबा डेपोत, तिथं कर्नाटकाचा राज्योत्सव म्हणून गाडीला लाल-पिवळे झेंडे. एकदा काका भडकून म्हणाले, तू त्यांचाच झालास. बाबा गप जेवले, हात धुतला आणि झोपले. मला त्यांचा तेव्हा राग आला होता आणि खरं सांगायचं तर अजून वाटतं की काहीतरी बोलायला पाहिजे होतं त्यांनी.

पाचवीत असताना एकदा हट्ट करून त्यांच्याबरोबर कणकुंबीच्या वस्तीच्या गाडीला गेले. जुलै महिना, जांबोटी सोडल्यावर नुसता पाऊस आणि झाडं, मलप्रभा जिथं उगम पावते ते हे गाव. रात्री ड्रायव्हरकाका पुढच्या सीटवर, आम्ही मागच्या लांब सीटवर. छत गळायलेलं. बाबांनी आपली काळी छत्री बसच्या आतच उघडली आणि शिट्टीच्या दोरीनं तिची दांडी सीटच्या दांड्याला बांधली, बरोबर माझ्या डोक्यावर. स्वतः पैशाची बॅग उशाला घेऊन पडले, पाय भिजत होते त्यांचे. "भ्या वाटालंय काय गं?" "न्हाई." "मग झोप की." एवढंच बोलणं. घरी तरी कुठं जास्त बोलायचे, सगळा आवाज गाडीतच संपायचा त्यांचा.

सकाळी पहिली गाडी निघताना कुणी फणस चढवला, कुणी औषधाची चिठ्ठी दिली, कुणी लेकीला निरोप. चिठ्ठ्या बाबांनी वेबिलच्या, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाच्या कागदाच्या, मागं नीट खोचून ठेवल्या. संध्याकाळच्या गाडीनं औषधं परत जायची, हिशोबाची उरलेली चिल्लर पुडीत बांधून.

2021 ला बाबा गेले. कोरोनाचे दिवस, माणसं मोजकीच. ते जुने ड्रायव्हरकाका मास्क लावून लांब उभे होते. शववाहिकेचं दार लावल्यावर पुढं आले, पत्र्यावर दोन ठोके दिले आणि हळूच म्हणाले, रैट. आमचे काळ्या शर्टवाले काका तिथंच खाली बसले.

11 जून 2023 पासनं कर्नाटकात बायकांना साध्या बसला तिकीट फुकट. आई पहिल्यांदा बसली तेव्हा आधार कार्ड दाखवलं, कंडक्टर पोरानं शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं. तरी रुमालाच्या गाठीत सुट्टे पैसे होतेच. "कशाला घेतलीस गं?" म्हटलं तर म्हणाली, "त्या पोराला चिल्लर कमी पडली तर?"