थेंब टाकलेस का, आई?

आज आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिला काचबिंदू आहे, म्हणजे डोळ्यांतला दाब वाढून नजर हळूहळू कमी होत जाते. तो दाब पुन्हा वाढलेला. "आजी, थेंब रोज टाकता ना?" डॉक्टरांनी विचारलं. "हो तर!" म्हणाली, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

खरं काय ते रिक्षात बाहेर आलं. गावी लग्नाला गेली तेव्हा बाटली इथेच राहिली. परत आल्यावर "दिसतंय की नीट" म्हणून आणखी पंधरा दिवस तशीच. मी चिडणार होतो, पण तिचंही अगदी चूक नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसायला लागलेलं. काचबिंदूच्या थेंबांनी काहीच सुधारल्यासारखं वाटत नाही, उलट डोळे चुरचुरतात, लाल होतात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकते, एवढंच. न झालेलं नुकसान दिसणार कसं?

शिवाय हात थरथरतो. एक थेंब डोळ्यात, दोन गालावर. अडीच मिलीची बाटली, महिन्याआधीच रिकामी. स्वस्तही नाही, म्हणून बाई ती पुरवून पुरवून वापरतात! दोन औषधांच्या मध्ये पाच मिनिटं थांबायचं, हे तिला आजच कळलं. (मलाही.)

संध्याकाळी सराव केला. आडवं पडायचं, खालची पापणी ओढायची, थेंब टाकून डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. रात्रीची बाटली आता कवळीच्या डबीशेजारी ठेवलीय. कवळी काढायला ती कधीच विसरत नाही.