स्क्रीनवर नुसता जोतिबा उरला

गुरुवारी सकाळी साडेनवाला दाजींचा फोन. दाजींचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि कोपऱ्यात काचेच्या केबिनमध्ये एक जुना पीसी, ज्याच्यावर कोटेशन, चलन, जीएसटीची बिलं असलं सगळं चालतं. दाजी फोनवर हॅलो वगैरे म्हणत नाहीत, डायरेक्ट विषय. "पावणं, सगळं गेलं बगा."

माझ्या पोटात गोळा. मला वाटलं बँकेचा ओटीपी कुणाला तरी सांगून बसले. म्हटलं काय गेलं दाजी?

"खालची पट्टी गेली, आयकॉन गेलं, मेनू गेला. स्क्रीनवर नुसता जोतिबा राहिलाय."

जोतिबा म्हणजे वॉलपेपर. चैत्री यात्रेचा गुलालात न्हालेला फोटो, मीच लावून दिलेला. आणि विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची सिस्टिम पण मीच टाकून दिलेली, त्यामुळं आता हे निस्तरणं पण माझ्याकडंच. झालं असं होतं की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तो पीसी जुना, विंडोज ११ त्याला घेणार नाही, आणि नवीन मशीन घ्या म्हटलं की दाजी म्हणतात "त्या पैशात लेथचा चक येतोय". मग लिनक्स मिंट २२ टाकलं, एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपवालं, कारण जुन्या मशीनवर ते हलकं पळतं. चार-पाच महिने एक तक्रार नाही.

त्यात फोन येईपर्यंत दाजींनी शेजारच्या गाळ्यात येणाऱ्या एका कॉम्प्युटरवाल्याला बोलवून दाखवलं होतं. त्यानं दोन मिनिटं माऊस हलवला आणि निकाल दिला, फॉरमॅट मारायला लागतंय, लिनक्स असलंच असतंय, विंडोज टाकून देतो, डेटाची गॅरंटी नाही. हे ऐकून माझं डोकं सटकलं. खालची पट्टी दिसत नाही म्हणून फॉरमॅट? उद्या गाळ्याची पाटी पडली तर आतल्या लेथ चोरीला गेल्या म्हणायचं काय?

इथं जरा थांबून सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते. लिनक्सवर जो "डेस्कटॉप" दिसतो तो एकच प्रोग्राम नसतो. एक्सएफसीईमध्ये खालची पट्टी म्हणजे पॅनेल हा एक स्वतंत्र प्रोग्राम, वॉलपेपर आणि आयकॉन काढणारा एक्सएफडेस्कटॉप हा दुसरा, खिडक्यांना वरची पट्टी आणि बंद करायची फुली देणारा विंडो मॅनेजर तिसरा, आणि लॉगिन केलं की ह्या सगळ्यांना उठवून कामाला लावणारा सेशन मॅनेजर चौथा, मुकादमच म्हणा ना. यातला एक कामावर आला नाही तर बाकीचे आपापलं काम करत राहतात. फायलींचा तर यांच्याशी काही संबंधच नाही, आयकॉन दिसला नाही तरी फाइल होम फोल्डरातल्या डेस्कटॉप नावाच्या फोल्डरात जिथल्या तिथं असते.

तर फोनवर म्हटलं, दाजी, कंट्रोल आल्ट धरा आणि टी दाबा. टर्मिनल उघडलं. "काळी खिडकी आली." आता कमांड सांगायची. कमांड आहे एक्सएफसीई४-पॅनेल, पण फोनवर ही सांगून बघा कधीतरी. एक्स, एफ, सी, ई, मग चार, मग मधली आडवी रेघ, मग पॅनेल. दाजींनी टाइप केलं, एंटर मारला, "कमांड नॉट फाउंड म्हणतंय". परत. परत तेच. तिसऱ्यांदा मी म्हटलं तुम्ही काय टाइप करताय ते एकेक अक्षर वाचून दाखवा, तर "एक्स, एफ, सी, ई, एफ, ओ, आर". मी इंग्रजीत फोर म्हटलं होतं ना! (हे नाव असलं विचित्र का, तर ऑलिव्हिए फूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसानं १९९६ मध्ये हे सुरू केलं तेव्हा एक्सफॉर्म्स नावाच्या टूलकिटवर बनवलं होतं, म्हणून एक्सफॉर्म्स कॉमन एन्व्हायर्नमेंट. पुढं ते टूलकिट गेलं, अक्षरं राहिली, आणि ती उद्यमनगरात फोनवर सांगायची वेळ माझ्यावर आली.)

आकडा चार घातल्यावर एंटर मारला आणि "आली आली, पट्टी आली!" मागं लेथचा आवाज, आणि कुणीतरी पोरगं "नाद खुळा" असं ओरडलेलं पण ऐकू आलं. मी खूश होऊन फोन ठेवला. पाच मिनिटात परत फोन. "ती काळी खिडकी बंद केलो, पट्टी बी गेली."

ही चूक माझी. टर्मिनलमधून सुरू केलेला प्रोग्राम त्या टर्मिनलला बांधलेला असतो, टर्मिनल मिटलं की तोही मिटतो. अशा वेळी आल्ट आणि एफ टू दाबायचं, छोटा रन प्रोग्रामचा डबा येतो, त्यात तीच कमांड द्यायची, मग ती कुणाच्या दावणीला नाही. तसं केलं, पट्टी आली, राहिली. आयकॉन नव्हते आले पण दाजी म्हणाले कामापुरतं झालं, रविवारी या.

शुक्रवारी सकाळी साडेनऊ. "पावणं, परत जोतिबा."

म्हणजे पॅनेल बिघडलेलं नाही, त्याला सकाळी कुणी उठवतच नाही. शुक्रवार शनिवार त्यांनी रोज सकाळी आल्ट एफ टू मारून काम चालवलं. कमांड केबिनच्या काचेवर ऑइल पेंटच्या मार्करनं लिहून ठेवली होती, चारच्या खाली दोनदा रेघ मारून.

रविवारी मिसळ खाऊन, म्हणजे दाजींनीच बोलवून घातली, ब्रेडच्या सहा स्लाइस संपल्यावर मगच गाळ्यात गेलो. कीबोर्डवर लोखंडाचा बारीक भुगा, एफच्या किल्ल्यांवरचे आकडे पुसून गेलेले. पहिलं काम, डिस्क किती भरलीय ते बघितलं, कमांड डीएफ, स्पेस, रेघ, एच. हे मी आता सवयीनं करतो कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर टाइमशिफ्ट नावाच्या बॅकअपवाल्या प्रोग्रामच्या स्नॅपशॉटनी सगळी डिस्क खाल्ली होती. डिस्क १०० टक्के भरली की सेटिंगच्या फायली लिहिल्या जात नाहीत, माझ्या पॅनेलची फाइल तर शून्य बाइटची होऊन बसली होती, आणि मी बिचारा थीम बदलून बघत होतो. दाजींची डिस्क निम्मी रिकामी. म्हणजे ते नाही.

मग डेस्कटॉपवर रिकाम्या जागी राइट क्लिक केलं. मेनू आला. ही एकदम साधी परीक्षा आहे पण लई कामाची. मेनू आला म्हणजे एक्सएफडेस्कटॉप जिवंत आहे. मेला असता तर राइट क्लिकला काहीच झालं नसतं आणि आल्ट एफ टूमध्ये एक्सएफडेस्कटॉप टाइप करून त्याला उठवावं लागलं असतं. (तसंच पॅनेलचं, टर्मिनलमध्ये पॅनेलची कमांड दिली आणि आधीच एक चालू आहे असं ते म्हणालं तर पॅनेल जिवंत आहे, फक्त लपलंय, एकतर ऑटोहाइड लागलंय नाहीतर काढून टाकलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर जाऊन बसलंय.) मग जिवंत असून आयकॉन का नाहीत? त्याच मेनूत डेस्कटॉप सेटिंग्ज, त्यात आयकॉन्सचा टॅब, आणि तिथं आयकॉन टाइप: नन.

हे आपोआप होत नाही. हे कुणीतरी हातानं केलेलं.

मी मान वळवली. माझी भाची, अकरावीत आहे, रविवारी बापाचा डबा घेऊन आलेली, केबिनच्या दारात उभी राहून मोबाइलमध्ये एकदम गुंग झालेली. म्हटलं काय गं? "मी कायबी केलो नाही मामा." बाहेरच्या लोकांना कोल्हापूरच्या पोरी "केलो, गेलो" म्हणतात त्याची गंमत वाटते, पण आमच्याकडं त्याच टोनवरून पोरगी खोटं बोलत्या का खरं ते कळतंय. हे खोटं होतं.

दोन मिनिटात सगळं बाहेर आलं. बुधवारी क्लास बुडवून वर्कशॉपात बसली होती. लिनक्सला मॅकसारखं कसं करायचं असा एक व्हिडिओ बघितला. त्यात सांगितल्याप्रमाणं आधी आयकॉन घालवले, मग पॅनेलची कमांड आणि पुढं दोन रेघा आणि क्विट असं देऊन पट्टी बंद केली, मग प्लँक नावाचा डॉक, म्हणजे मॅकसारखी आयकॉनची पट्टी, टाकून चालू केला. भारी दिसलं म्हणे, फोटोपण काढला. मग लॉग आउट केलं, तिथं खाली 'सेव्ह सेशन' अशी टिक असते ती मारली, कारण केलेलं जाऊ नये. झालं. सेशन मॅनेजरनं त्या क्षणाचा हजेरीपट लिहून घेतला आणि त्यात पॅनेल गैरहजर. प्लँक काय तिनं स्टार्टअपला लावला नव्हता, त्यामुळं गुरुवारी सकाळी पट्टी पण नाही, डॉक पण नाही.

आता तुम्ही म्हणाल की गुरुवारी दाजींनी पट्टी परत आणली, मग ती संध्याकाळी परत का नाही सेव्ह झाली. त्याचं कारण असं की दाजी पीसी शटडाउन करत नाहीत. ते बोर्डाचं बटण बंद करतात. लेथ बंद केल्यासारखं. त्यामुळं मुकादमाला नवीन हजेरी लिहायला वेळच मिळत नाही आणि रोज सकाळी तो भाचीनं लिहून ठेवलेला बुधवारचाच पट वाचतो.

उपाय दोन मिनिटांचा. पट्टीवरचा मेनू नाही म्हणून आल्ट एफ टूमधून सेटिंग्ज मॅनेजर उघडला (एक्सएफसीई४-सेटिंग्ज-मॅनेजर), सेशन अँड स्टार्टअप, तिथं सेव्ह केलेली सेशन पुसायचं बटण आहे ते दाबलं. ज्यांना ते सापडत नाही त्यांनी होम फोल्डरात कंट्रोल एच दाबून लपलेले फोल्डर दाखवावेत, टिंब कॅश नावाच्या फोल्डरात सेशन्स म्हणून फोल्डर आहे, त्यातल्या फायली उडवल्या तरी तेच. मग टिक न मारता लॉग आउट, परत लॉगिन. जुना पट सापडला नाही की तो मुळातला पट घेतो आणि त्यात पॅनेल, एक्सएफडेस्कटॉप, विंडो मॅनेजर सगळे असतातच. पट्टी आली, आणि दाजींनी लावलेला कॅल्क्युलेटर, कोटेशनची फाइल, सगळं जागच्या जागी, कारण क्विट केल्यानं सेटिंग पुसत नाही. आयकॉन टाइप परत फाइल-लाँचरवालं केलं, आयकॉन टपाटप उगवले.

तुमची सेटिंगच बिघडली असेल, म्हणजे पॅनेल येतं पण मोकळं नाहीतर अर्धवट, तर प्रकार वेगळा. टिंब कॉन्फिग, एक्सएफसीई४, एक्सएफकॉन्फ, त्याच्या आत एक्सएफसीई-परचॅनेल-एक्सएमएल असं फोल्डर, त्यात पॅनेलच्या नावाची फाइल, तिचं नाव बदलायचं, डिलीट नको, नाव बदला, नंतर लागली तर. पण त्याआधी पॅनेल क्विट करा आणि एक्सएफकॉन्फडी नावाचा जो प्रोग्राम मागं चालू असतो तो किल करा, कारण सेटिंग त्याच्या मेमरीत असतात आणि तुम्ही फाइल उडवली तरी तो तीच परत लिहून ठेवतो. ह्या एका गोष्टीत माझी एक आख्खी रात्र गेलीय.

बाकी डेस्कटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. मिंटचं सिनॅमन असेल तर कंट्रोल आल्ट एस्केप, पूर्ण सिनॅमन रिस्टार्ट होतं, उघड्या खिडक्या तशाच राहतात. पण हेच बटण एक्सएफसीईत दाबू नका, तिथं एक्सकिल चालू होतं आणि मग ज्या खिडकीवर क्लिक कराल ती जाते. माटेमध्ये माटे-पॅनेल आणि पुढं दोन रेघा रिसेट, पण त्यात तुम्ही लावलेलं सगळं जाऊन मूळचं पॅनेल येतं. केडीईत प्लाझ्माशेल, पुढं दोन रेघा रिप्लेस. आणि नोममध्ये आयकॉन शोधत बसू नका, त्यांनी २०१८ साली ३.२८ मध्ये डेस्कटॉपवरचे आयकॉनच काढून टाकले, उबुंटूत दिसतात ते एक्स्टेंशनमुळं, ते बंद झालं की आयकॉन गेले.

दाजींनी स्वतः तीन कोटेशन उघडून बघितली, फाउंड्रीला दिलेलं एक सापडत नव्हतं ते पण सापडलं. "म्हंजे काय गेलंच न्हवतं?" म्हटलं नव्हतंच. मग त्यांनी पोरीकडं बघितलं, पोरीनं माझ्याकडं बघितलं. तिला मी वेगळं युजर अकाउंट काढून दिलं, त्यात प्लँक स्टार्टअपला लावून दिला, तिचा मॅक तिथं. दाजी मागनं डोकावून, "ह्यो आयकॉन फुगतोय कशाला?" बराच वेळ माऊस इकडून तिकडं फिरवून बघत होते. आवडलं असणार, पण म्हणाले नाहीत.

मग मी त्यांना शटडाउन कसं करायचं ते दाखवलं. मेनू, खाली कोपऱ्यात बटण, शटडाउन, टिक मारायची नाही. दोनदा करून घेतलं त्यांच्याकडनं. "कळालं, कळालं." काचेवर ते पण लिहिलं, चारच्या खाली.

निघताना मी चप्पल घालत होतो, दाजी केबिनचं दार ओढून घेत होते, आणि मला खट् असा आवाज आला. बोर्डाचं बटण.