फारोसवरचे बहात्तर पंडित

अलेक्झांड्रियात मान्शियाच्या चौकातून अन्फुशीकडे चालत निघालं, की आपण बेटावर कधी पोचलो ते कळतच नाही. फारोस पूर्वी खरोखरच बेट होतं. तिथवर घातलेल्या बांधाच्या दोन्ही अंगांना गाळ साचत गेला आणि आज त्यावर दाट वस्ती आहे. टोकाला पंधराव्या शतकातला कैतबेचा किल्ला. प्राचीन दीपस्तंभ इथेच होता, पण मला ओढ होती ती बायबलच्या पहिल्या ग्रीक भाषांतराची.

‘अरिस्टियसचं पत्र’ म्हणून एक जुना ग्रीक मजकूर आहे. त्यातली कथा अशी: इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याला आपल्या ग्रंथालयात यहुद्यांचं धर्मशास्त्र हवं होतं. जेरुसलेमच्या महायाजकाने बारा वंशांतून प्रत्येकी सहा, असे ७२ पंडित धाडले. राजाने सात दिवस मेजवान्या देऊन त्यांना नाना प्रश्न विचारले, मग या बेटावर त्यांची सोय केली. रोज सकाळी समुद्रात हात धुऊन, प्रार्थना करून ते कामाला बसत. ७२ दिवसांत तोरा, म्हणजे त्या धर्मशास्त्राचे पहिले पाच ग्रंथ, ग्रीकमध्ये आली.

किल्ल्याजवळ पोरं गळ टाकून बसली होती. मी खाली उतरून पाण्यात हात घातले; वाळल्यावर बोटांवर मिठाचा पांढुरका थर राहिला.

पत्रात चमत्कार नाही. पंडित आपसांत पाठ ताडून एकमताने मजकूर ठरवतात. सगळ्यांनी शब्दन् शब्द सारखाच लिहिला, हे इथल्याच फायलो या यहुदी तत्त्वज्ञाने पुढे सांगितलं; त्यांना वेगवेगळ्या कोठड्यांत बसवलं होतं, ही भर त्याही नंतरची. मला मूळची चर्चेची गोष्टच फार मोलाची वाटते.

इतिहासाच्या कसोटीवर मात्र पत्र टिकत नाही. त्यात ग्रंथालयाचा कारभारी म्हणून येणाऱ्या डेमेट्रियसला याच राजाने गादीवर येताच हद्दपार केलं होतं. पत्र बहुधा इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं. अभ्यासकांना वाटतं, खरी निकड इथल्या यहुद्यांचीच होती: घरात ग्रीक रुळलेली, हिब्रू पोथी समजेनाशी झालेली. तोरेचे पाच ग्रंथ इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीकमध्ये आले, बाकीचे पुढे हळूहळू. राजाच्या हौसेपेक्षा या माणसांची गरज मला कितीतरी मोठी वाटते.

फायलोच्या काळी, इ.स. पहिल्या शतकात, या भाषांतराचा दरवर्षी इथे उत्सव होई. यहुदी आणि इतरही लोक बेटावर येत, प्रार्थनेनंतर कुणी तंबू ठोकत, कुणी वाळूतच आप्तांसह जेवायला बसत. पुढे हाच ग्रंथ ख्रिस्ती मंडळींनी आपला मानला आणि यहुद्यांनी दुसऱ्या शतकात अक्विलाचं नवं, हिब्रूला काटेकोर धरून केलेलं भाषांतर जवळ केलं. नंतरच्या यहुदी परंपरेत तर भाषांतराच्या त्या दिवसासाठी हिब्रू पंचांगातल्या तेवेत महिन्याच्या आठव्या तिथीला शोकाचा उपास सांगितला आहे.